अवतरणातील भूतकाळ : ‘केलें’, ‘जाहला’ आणि ‘म्हणाला’ यांच्या निमित्ताने

मी कटंगीत राहतो. बालाघाट जिल्ह्यातील हे तहसिलीचे गाव. बावनथडीच्या पलीकडे भंडारा जिल्हा लागतो, तुमसरच्या बाजूच्या लेकी-सुना आमच्याकडे नेहमीच्याच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्या दिवशी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. घरात पोवारी किंवा झाडीपट्टीच्या वळणाची मराठी, बाजारात हिंदी, शाळेत हिंदी माध्यम, अशी आमच्या मुलांची भाषिक व्यवस्था आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी दर रविवारी घराच्या ओसरीवर मराठीचा वर्ग घेऊ लागलो. प्रस्तुत लेख त्या वर्गातील अनुभवावर आधारलेला आहे. विषय वरवर किरकोळ दिसेल: साहित्यातील उतारा देताना भूतकाळाची क्रियापदे कशी सांभाळावीत. पण या किरकोळ विषयात माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे, म्हणून तिथूनच आरंभ करतो.

एक दुरुस्ती आणि तिची किंमत

वर्गाचा पहिला हस्तलिखित अंक काढायचा ठरला तेव्हा मी आमच्या गल्लीतील एका आजींकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. आजींचे माहेर तुमसरकडचे. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण ओव्या पाठ होत्या. वहीत उतरवलेल्या ओव्या मी घरी आणल्या आणि लाल शाईने ‘शुद्ध’ केल्या. एका ओवीत पहिला चरण ‘मायले’ या शब्दावर संपत होता, म्हणजे ‘आईला’. दुसरा ‘पायले’वर, म्हणजे ‘पाहिले’. मी पहिल्या ठिकाणी ‘आईला’ लिहिले, दुसऱ्या ठिकाणी ‘पाहिले’. यमक गेले, हे तेव्हा माझ्या लक्षातही आले नाही. उलट मुलांना प्रमाण रूप शिकवल्याचे समाधान वाटले.

अंक तयार झाल्यावर मी तो आजींना वाचून दाखवला. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “हे कोनाचं होय, गुरुजी?”

मी म्हटले, “तुमचंच आहे, आजी.”

“माह्यं नाही हे,” त्या म्हणाल्या आणि सुपातले तांदूळ निवडू लागल्या.

त्यांनी राग केला नाही, पण त्या वाक्याने मला व्याकरणाची पुस्तके पुन्हा उघडायला लावली. ‘पाहिले’ हे रूप शुद्ध आहे, यात शंका नाही. मग ते तिथे चूक का ठरले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती आले ते पुढे क्रमाने मांडतो.

अनियमित म्हणजे काय?

मराठीत भूतकाळ करताना धातूला ‘ला, ली, ले’ हे प्रत्यय लागतात: चाल–चालला, बस–बसली, वाच–वाचले. हा सरळ मार्ग. परंतु रोजच्या वापरातील कितीतरी धातू हा मार्ग सोडून जातात. वर्गात मी त्यांचे पाच गट करून फळ्यावर लिहितो.

पहिला गट, मूळ धातूच बदलणारा: करणे–केले, जाणे–गेला, येणे–आला, मरणे–मेला, होणे–झाला. दुसरा, मध्ये ‘त’ घेणारा: घेणे–घेतले, घालणे–घातले, धुणे–धुतले. तिसरा, ‘इ’ किंवा ‘इत’ घेणारा: पाहणे–पाहिले, राहणे–राहिला, सांगणे–सांगितले, मागणे–मागितले, बघणे–बघितले. चौथा, ‘आ’ घेणारा: निघणे–निघाला, मिळणे–मिळाला, उडणे–उडाला, बुडणे–बुडाला, पळणे–पळाला. पाचव्या गटात उरलेले: देणे–दिले, खाणे–खाल्ले, पिणे–प्याला किंवा प्यायला, आणि ज्याच्यावर या लेखाचा बराच भाग खर्च होणार आहे तो ‘म्हणणे’. याला ‘म्हणाला’ आणि ‘म्हटले’ अशी दोन रूपे आहेत.

मुले विचारतात, “करले का नाही? केले का?” लहान मूल घरात ‘करलं’ म्हणते तेव्हा ते नियमच पाळत असते. हिंदीतही तसेच होते. बोलीत ‘करा’ ऐकू येते आणि शाळेत ‘किया’ शिकवावे लागते. इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ ‘वेन्ट’ होतो. जो शब्द फार वापरात असतो तो आपले जुने रूप सोडत नाही. रोज तोंडी असल्यामुळे नव्या नियमाला त्यात शिरायला जागाच मिळत नाही.

आणि जुने रूप म्हणजे खरोखरच जुने. ‘केला’च्या मागे संस्कृतातील ‘कृत’ आहे, ‘गेला’च्या मागे ‘गत’, ‘मेला’च्या मागे ‘मृत’, ‘आला’च्या मागे ‘आगत’. ‘झाला’ तर ‘हो’ धातूचा नाहीच; तो ‘जात’ म्हणजे जन्मलेला या शब्दाकडून आला. म्हणून जुन्या मराठीत तो ‘जाला’ असा दिसतो आणि पुढे ‘जाहला’ असाही. ‘होणे’ हे क्रियापद वर्तमानात एका धातूवर चालते आणि भूतकाळात दुसऱ्याच्या आधाराने उभे राहते.

‘इ’ घेणाऱ्या गटाची हकिकत मला सर्वांत बोधक वाटते. जुन्या मराठीत ‘मारिला’, ‘बोलिला’, ‘देखिला’ ही रूपे सर्रास होती. कालांतराने बहुतेक धातूंतील हा ‘इ’ गळाला आणि ‘मारला’, ‘बोलला’ उरले; ‘पाहिला’, ‘राहिला’, ‘लिहिला’ यांत मात्र तो टिकला. म्हणजे आज ज्याला आपण अपवाद म्हणतो तो एके काळी पुष्कळांचा रिवाज होता. हे एकदा कळले की जुन्या ग्रंथातील ‘बोलिला’ पाहून त्याला चुकीचा ‘बोलला’ समजण्याचा मोह होत नाही.

अवतरणाच्या दारातील क्रियापद

उतारा देण्याआधी तो कोणाचा हे सांगावे लागते. तिथे ‘म्हणणे’ येते आणि आमच्या भागातील विद्यार्थी पहिली ठेच इथेच खातात. उत्तरपत्रिकांत ‘गुरुजींनी म्हणाले’ आणि ‘कवी म्हटले’ ही दोन्ही वाक्ये मी नेहमी वाचतो.

नियम असा. ‘म्हणाला’ हे रूप कर्त्याप्रमाणे चालते आणि कर्त्याला ‘ने’ लागू देत नाही: तो म्हणाला, ती म्हणाली, गुरुजी म्हणाले, आजी म्हणाल्या. ‘म्हटले’ला ‘ने’ हवा: त्याने म्हटले, तिने म्हटले, गुरुजींनी म्हटले, आजींनी म्हटले. कर्ता कोणीही असो, अवतरणापूर्वीचे ‘म्हटले’ बदलत नाही. ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ दिसत नाही, म्हणून ‘मी म्हणालो’ आणि ‘मी म्हटले’ दोन्ही बरोबर. पण दोहोंची रचना वेगळी आहे हे ध्यानात असावे.

याचे कारण पुन्हा इतिहासात आहे. जुन्या गद्यात ‘म्हणितलें’ हे रूप विपुल येते. ते आकसत ‘म्हटले’ झाले. ‘सांगितले’, ‘मागितले’ यांचा हा भाऊ. त्यांच्याप्रमाणेच त्यालाही ‘ने’ लागतो. ‘म्हणाला’ मात्र ‘निघाला’, ‘पळाला’ यांच्या पंक्तीत बसला आणि त्यांच्याप्रमाणे कर्त्यामागे चालू लागला. दोन रूपे, दोन घराणी.

हिंदी माध्यमातील मुलाच्या मनात ‘कहा’ आणि ‘बोला’ हे दोन शब्द आधीपासून असतात. ‘गुरुजी ने कहा’ यातील ‘ने’ आणि ‘गुरुजी बोले’ यातील रूप एकत्र होऊन ‘गुरुजींनी म्हणाले’ तयार होते. शिवाय हिंदीतील ‘कहा’ मराठीत तीन ठिकाणी वाटले जाते. नुसते शब्द द्यायचे असतील तर ‘म्हणाला’. माहिती किंवा आज्ञा असेल तर ‘सांगितले’. भाषण किंवा संभाषण असेल तर ‘बोलला’. ‘कवी बोलला’ असे लिहून पुढे अवतरण देणे मराठी कानाला खटकते.

याच कारणाने आणखी काही क्रियापदे शिकवावी लागतात. हिंदीत ‘उसने मराठी सीखी’, मराठीत ‘तो मराठी शिकला’. हिंदीत ‘उसने पानी पिया’, मराठीत ‘तो पाणी प्याला’. उलट हिंदीत ‘वह किताब लाया’, पण मराठीत ‘त्याने पुस्तक आणले’. शिकणे, विसरणे, जेवणे, पिणे, बोलणे ही क्रियापदे भूतकाळात ‘ने’शिवाय जातात, आणणे जात नाही. ‘तो पुस्तक आणला’ असे वाक्य अवतरणाच्या आधी येते तेव्हा मागाहून येणाऱ्या सुंदर उताऱ्याचीही पत जाते.

अवतरणाच्या आतील क्रियापद

दाराबाहेरचे क्रियापद आपले असते, त्याला व्याकरणाचा आजचा नियम लागू. आतील क्रियापद दुसऱ्याचे असते. इथे नियम वेगळे होतात.

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे चौदा नियम ठरवले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. यांतील दोन नियम आपल्या विषयाशी थेट संबंधित आहेत. पहिला असा की केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य यांतील उतारे मुळाप्रमाणे छापावेत. केशवसुत आणि चिपळूणकर यांच्यासह पुढचे लेखन आजच्या नियमांनुसार छापावे. केशवसुतांचा जन्म १८६६चा, आणि चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ला सुरू झाली. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही सीमारेषा पडते, एवढे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवले तरी पुरे. ज्ञानेश्वरी, लीळाचरित्र, तुकोबांची गाथा, बखरी हे सारे रेषेच्या अलीकडे येत नाही. त्यातील अक्षर हलवायचे नाही.

दुसरा नियम बोलण्याच्या भाषेचा. पात्राच्या तोंडी बोलीतील उच्चार दाखवायचा असेल तर ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ असे अनुस्वार देऊन लिहावे. इतर लेखनात ‘असे केले’, ‘मी म्हटले’. आता समजा कादंबरीतील पात्र ‘केलं’ म्हणते आणि निबंध लिहिणारा विद्यार्थी स्वतःचे गद्य ‘केले’ असे लिहितो. अवतरणचिन्हांच्या आत ‘केलं’ राहील, बाहेर ‘केले’ राहील. दोन्ही एकाच पानावर आले तरी विसंगती होत नाही. एक आवाज पात्राचा आहे, दुसरा निबंधकाराचा.

मुळाप्रमाणे छापावे हा केवळ आदराचा भाग नव्हे. त्यात अर्थ सामावलेला असतो. जुन्या लेखनात ‘केलें’ आणि ‘केले’ ही दोन निराळी रूपे आहेत. अनुस्वार असेल तर नपुंसकलिंगी एकवचन: काम केलें. अनुस्वार नसेल तर पुल्लिंगी अनेकवचन: उपाय केले. तसेच ‘केली’ स्त्रीलिंगी एकवचन आणि ‘केलीं’ नपुंसकलिंगी अनेकवचन. आज आपण दोन्ही सारखेच लिहितो आणि संदर्भावरून ओळखतो. पण जुन्या ओळीत कर्म आधीच्या चरणात राहिलेले असते किंवा अध्याहृत असते. तिथे अनुस्वार पुसला की कशाविषयी बोलणे चालले आहे हे सांगणारी एकमेव खूण पुसली जाते. ‘तेणें’ यातील अनुस्वाराचेही असेच: ‘त्याने’ हा अर्थ त्या शेवटच्या टिंबात आहे.

जुन्या गद्यातील ‘बोलता जाहला’ या रचनेवरही थांबले पाहिजे. विद्यार्थी तिचा अर्थ ‘बोलू लागला’ किंवा ‘बोलायला शिकला’ असा करतात. ती साध्या भूतकाळाची दरबारी रीत आहे. अर्थ ‘बोलला’ एवढाच. उताऱ्यात मूळ रचना ठेवावी आणि अर्थ खाली आपल्या शब्दांत द्यावा. उताऱ्यातच ‘बोलला’ करून टाकले तर बखरीची चाल हरवते आणि वाचकाला ती रीत कधी कळतच नाही.

‘म्हणे’ची तीन रूपे

संतांच्या नाममुद्रेतील ‘म्हणे’ हा वर्गातील सर्वांत रंगणारा तास असतो. आमच्याकडे कोणी ‘तो आला म्हणे’ असे बोलला की अर्थ होतो: असे ऐकले, खरे-खोटे ठाऊक नाही. एका मुलीने मला विचारले होते, “सर, तुकोबांच्या अभंगात शेवटी ‘म्हणे’ येते, म्हणजे ते तुकोबांचे नाही का? कोणाकडून ऐकलेले आहे का?”

प्रश्न अगदी योग्य होता. ‘म्हणे’चे तीन उपयोग वेगळे करावे लागतात. जुन्या मराठीत ते वर्तमानाचे रूप आहे, म्हणजे ‘म्हणतो’. पुढे अशी रूपे रीतिभूतकाळाकडे सरकली: ‘आजी रोज पहाटे ओवी म्हणे’, म्हणजे म्हणत असे. आणि बोलण्यात ते ऐकीव गोष्टीची खूण होऊन बसले. नाममुद्रेतील ‘म्हणे’ पहिल्या प्रकारचा. म्हणून अभंगाचा अर्थ लिहिताना ‘तुकाराम म्हणतात’ हे ‘तुकाराम म्हणाले’पेक्षा मुळाशी अधिक जुळते.

यावरून एक व्यापक सूत्र सांगता येते. कृती आज आपल्यासमोर आहे आणि ती बोलते आहे, तेव्हा वर्तमानकाळ: ‘ज्ञानदेव म्हणतात’, ‘कवयित्री इथे सुचवते’. एखादी घटना एका दिवशी, एका ठिकाणी घडली, तेव्हा भूतकाळ: ‘संमेलनाच्या भाषणात अध्यक्ष म्हणाले’. निबंधाच्या एका परिच्छेदात ‘म्हणतात’ आणि लगेच त्याच ओवीविषयी ‘म्हणाले’ असे होऊ नये. एक निवडावे आणि पाळावे.

लिंग, पुरुष आणि उसने घेतलेले ‘मी’

मराठीत भूतकाळाचे रूप बोलणाऱ्याचे लिंग सांगते. पुरुष ‘मी गेलो’ म्हणतो, स्त्री प्रमाण भाषेत ‘मी गेले’ म्हणते. विदर्भात आणि आमच्या बाजूला स्त्री ‘मी गेली’ म्हणते. दोन्ही रूपे जिवंत आहेत. पण लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’सारख्या आत्मकथनातून उतारा देताना आमची मुलगी ‘गेले’चे ‘गेली’ करते, कारण तिच्या कानाला ‘मी गेले’ अनेकवचन वाटते. उलट बाहेरून आलेला शिक्षक आमच्या आजींच्या ‘मी गेली’ला ‘मी गेले’ करतो. दोघेही एकच चूक करतात: बोलणाऱ्या बाईचा आवाज बदलतात.

दुसरी चूक उतारा आपल्या वाक्यात बसवताना होते. हे माझे स्वतःचे वाक्य घ्या: मी नदीवर गेले, घागर भरली आणि माघारी आले. हे एखाद्या लेखिकेचे आहे असे समजू. विद्यार्थी लिहितो: लेखिका ‘नदीवर गेली, घागर भरली आणि माघारी आली’ असे म्हणते. अवतरणचिन्हे आहेत, पण आतील दोन क्रियापदे लेखिकेची राहिली नाहीत. इथे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. एक, जसेच्या तसे द्यावे: लेखिका म्हणते, ‘मी नदीवर गेले, घागर भरली आणि माघारी आले.’ दोन, चिन्हे काढून आपल्या शब्दांत सांगावे: आपण नदीवर गेलो आणि घागर भरून परत आलो, असे लेखिका सांगते. मराठीतील ‘आपण’ हा शब्द अशा वेळी फार उपयोगी पडतो. तिसरा मार्ग नाही. काही गाळायचे असेल तर तीन टिंबे, काही घालायचे असेल तर चौकटी कंस. परंतु चिन्हांच्या आत मुकाट्याने बदल करायचा नाही.

इथे लेखन आणि रूप यांतील भेद सांगितला पाहिजे. १९०० नंतरच्या लेखकाचे ‘केलें’ आजच्या नियमाने ‘केले’ छापले तर ते लेखनाचे अद्ययावतीकरण झाले. शब्द तोच राहिला. पण त्याच लेखकाने लिहिलेले ‘जाहला’ आपण ‘झाला’ केले तर शब्दच बदलला. महामंडळाचा नियम पहिल्याला परवानगी देतो. दुसऱ्याला तो कुठेही देत नाही. कवितेत तर ‘जाहला’ची एक मात्रा जास्त असते, ती काढली की वृत्त मोडते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण १८३६चे, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चे. या दोन ग्रंथांच्या दरम्यानच्या आणि नंतरच्या काळात मराठीची रूपे किती सरकली हे ज्याला पाहायचे असेल त्याला मूळ रूपेच लागतील. आपण ती सुधारून ठेवली तर पुढचा अभ्यासक आपलीच भाषा जुनी समजून अभ्यासेल.

वर्गात घ्यावयाचा पाठ

शिक्षकांच्या सोयीसाठी एका तासाचा क्रम देतो. आरंभी पाच गट फळ्यावर लिहावेत आणि प्रत्येक मुलाने घरी ऐकलेले एक रूप त्यांच्या शेजारी लिहावे: पायलं, रायलं, म्हनलं, गेलता. त्यांवर काट मारू नये. शेजारी प्रमाण रूप लिहावे आणि कोणते रूप कुठे चालेल हे विचारावे. नंतर पुढील वाक्ये तपासायला द्यावीत.

१. संतांनी म्हणाले की देव माणसात आहे.
२. आजोबांनी ती कविता विसरली.
३. ताई ग्रंथालयातून गाथा आणली.
४. कवी म्हटले, ‘मी एकटा निघालो.’
५. लेखिका म्हणाली, ‘मी गावी गेली.’ (मूळ पुस्तकात ‘गेले’ आहे.)

उत्तरे: पहिल्यात ‘संतांनी म्हटले’ किंवा ‘संत म्हणाले’, आणि विधान ग्रंथातले असेल तर ‘संत म्हणतात’. दुसऱ्यात ‘आजोबा ती कविता विसरले’. तिसऱ्यात ‘ताईने गाथा आणली’. चौथ्यात ‘कवी म्हणाला’ किंवा ‘कवीने म्हटले’. पाचव्यात बाहेरचे क्रियापद बरोबर आहे, आतील ‘गेली’च्या जागी ‘गेले’ हवे. तेच वाक्य आपल्या गावच्या एखाद्या बाईच्या तोंडून ऐकलेले असेल तर ‘गेली’ बरोबर आणि ‘गेले’ चूक. हे शेवटचे उत्तर मुलांना सर्वांत जास्त आवडते, कारण त्यात त्यांच्या घरातील भाषेला पहिल्यांदा ‘बरोबर’ म्हटलेले असते.

तासाच्या अखेरीस तीन प्रश्न वहीत लिहून द्यावेत. हे क्रियापद माझे की दुसऱ्याचे? दुसऱ्याचे असेल तर मी पाहतो आहे ती मूळ प्रत आहे की कोणी सुधारलेली? मी बदल केला असेल तर वाचकाला ते कळेल अशी खूण ठेवली आहे का?

त्या ओव्यांचे पुढे काय झाले

आजींनी ‘माह्यं नाही हे’ म्हटल्यावर मी वही पुन्हा काढली. सुदैवाने बहुतेक ठिकाणी मी लाल शाई मूळ अक्षरांच्या वर चालवली होती, त्यामुळे खालचे ‘पायले’, ‘मायले’ वाचता येत होते. ती सर्व रूपे मी परत लिहिली. एका ओवीत मात्र घाई केली होती. आजी म्हणत असतानाच मी मनात ‘शुद्ध’ रूप करून तेच कागदावर उतरवले होते. त्या चरणाचे शेवटचे क्रियापद काय होते हे आजींना विचारायचे ठरवले आणि आज जाऊ, उद्या जाऊ करत पावसाळा काढला. दिवाळीच्या आधी आजी गेल्या. त्यांच्या सुनेला ओव्या येत होत्या, पण नेमकी ती येत नव्हती. आम्ही तिच्याकडून दोन-तीनदा म्हणून घेतले. दर वेळी ती त्या चरणाशी थांबे आणि म्हणे, “इथचं आठवत नाही, गुरुजी.”

यमकाच्या आधाराने मी अंदाज बांधू शकतो. दोन-तीन रूपे तिथे बसतात आणि त्यांपैकी एक बहुधा खरे असेल. परंतु ते माझे असेल, आजींचे नव्हे. अंकाच्या दुसऱ्या प्रतीत त्या चरणाच्या शेवटी आम्ही रिकामा चौकटी कंस ठेवला आणि खाली एक ओळ लिहिली: येथील क्रियापद संग्राहकाने बदलले आहे, मूळ रूप उपलब्ध नाही.

दर वर्षी नव्या मुलांना मी ते पान दाखवतो आणि मग फळ्यावर पाच गट लिहायला घेतो.